रुमालाचं गाणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऐन आनंदाच्या प्रसंगी मान खाली घालायची वेळ आली. आमच्या नाट्यमंडळाने यंदा तो जुना हॉलिवूडचा संगीतपट रंगमंचावर आणायचं ठरवलंय. सिनेमाला पाऊणशे वर्षं झाली, हे निमित्त. नायिका कोण, ते आज सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. दिवसा विमा कंपनीत असतात आणि संध्याकाळी आमच्यावर ओरडतात. नायिका म्हणून निवड झाली ती माझ्या भाचीची. धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, आमची शाई.

सगळ्यांनी वळून माझ्याकडेच पाहिलं. मंडळाची रंगभूषा माझ्याकडे, तेव्हा आत्याने वशिला लावला असंच त्यांना वाटलं असणार. मी जमिनीकडे बघत बसले, कॉपी करताना सापडल्यासारखी. खरं तर वशिला राहिला बाजूला, मी परवाच सरांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "पोरगी नाचते झकास, पण मेकअपला जड जाईल. तिला मैत्रिणीचं काम द्या." सर म्हणाले होते, "ताई, तुमच्या हाताला जड असं काही आहे का?" त्यावर मी विरघळले, आणि विषय तिथेच संपला.

घरी येताना शाईने विचारलं, "आत्या, तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. काळजी वाटते एवढंच."

"कसली?"

मी म्हटलं, पाय मुरगळेल. दुसरं काय सांगणार?

शाई हे नाव मीच ठेवलं. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात दुपट्यात डोकावून मी म्हणाले होते, "अगंबाई, इथे तर दौतच लवंडली." सगळे पोट धरून हसले होते. भावजय तेवढी हसली नाही, पण तिचे तेव्हा टाके दुखत असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

आज घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला. मूळ प्रत साफसूफ करून नव्याने बाजारात आणलीय. रंग असे की कालच चित्रित केल्यासारखे.

लहानपणी वडिलांनी मला आणि भावाला तो थिएटरात दाखवला होता. त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या पोरांनी बाटल्यांची बुचं खिळ्यांनी चपलांना ठोकली आणि टॅप टॅप करत सगळ्यांच्या जिन्यांची वाट लावली. खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन वर आले होते. शाळेच्या कवायतीला त्याच सिनेमाची धून, साबणाच्या जाहिरातीला तीच, आणि परवा भावाच्या ऑफिसच्या फोनवर थांबवून ठेवलं तेव्हाही कानात तीच. इतके सिनेमे आले आणि गेले, पण हा काही पाठ सोडत नाही.

मी या धंद्यात पडले तीसुद्धा त्यातल्या नायिकेच्या चेहऱ्यामुळे. सायीसारखा चेहरा, कुठे डाग नाही की सावली नाही. थिएटरातून बाहेर पडताना आरशात स्वतःला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आईची पावडर पळवली. आजही चेहरा नीट केल्याशिवाय मी दूधवाल्यालासुद्धा दार उघडत नाही. शाईला ही शिस्त नाही. उठते तशी कॉलेजला जाते.

नव्या प्रतीत एक तुकडा मी प्रथमच पाहिला. रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर एक काळा हमाल हातातली बॅग खाली ठेवतो आणि नाचायला लागतो. पायऱ्या चढता-उतरता असा काही टॅप करतो की भावजयही स्वयंपाक टाकून दारात येऊन उभी राहिली. मग तो बॅग उचलतो आणि जातो. शाईने तो पुन्हा पुन्हा लावला.

"ह्याचं नाव कुठेच नाही, आत्या. सुरुवातीलाही नाही, शेवटीही नाही." तिने लगेच मोबाइलवर शोधाशोध केली. म्हणे तिकडे अमेरिकेत, दक्षिणेतल्या काही थिएटरांत काळ्या कलाकारांचे तुकडे कापून सिनेमा दाखवायचे. म्हणून ते तुकडे असे रचायचे की कापले तरी गोष्टीत खड्डा पडू नये.

"मग आपल्याकडे आलेली प्रत कापलेलीच असणार," मी म्हणाले. "आम्हाला तर काहीच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं."

"तेच म्हणतेय मी," शाई म्हणाली. ती काय म्हणत होती ते मला समजलं नाही.

मग सगळ्यांचं आवडतं रुमालाचं गाणं आलं. नायिकेला श्रीमंताच्या बंगल्यात शिरायचं असतं. ती तोंडाला काजळी फासून मोलकरीण होते, डोळे गरागरा फिरवत वेडंवाकडं नाचते. नायक संशयाने जवळ येतो, रुमालाने तिचा गाल पुसतो, आणि खालून तो सायीसारखा चेहरा बाहेर येतो. वाद्यवृंद एकदम उसळतो. लहानपणी आम्ही इथे शिट्ट्या मारायचो. आज मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात शाई पाणी प्यायला उठून गेली. तिच्यासाठी सिनेमा थांबवून ठेवला, पण ती परत आलीच नाही. हल्लीच्या मुलांना एका जागी बसवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

तालमीत वादावादी झाली. शाई म्हणाली, "सर, रुमालाचं गाणं नको. त्या जागी मी हमालाचा नाच करते. मला जवळजवळ बसलाय."

सर म्हणाले, "अगं, लोक तिकिटं काढणार ती रुमालासाठी. तो हमाल कुणाच्या लक्षात आहे?"

मग खरी अडचण सरांच्याच लक्षात आली. काजळी पुसल्यावर खालून गोरा चेहरा निघायला हवा. सगळे शाईकडे बघायला लागले. आमचा नायक व्यवसायाने दातांचा डॉक्टर आहे. आम्ही त्याला दाढकाढ्या म्हणतो. तो म्हणाला, "मी पुसत बसतो. तुम्ही तोवर मध्यंतर करा." हॉल हसला. मीसुद्धा हसले. विनोद जमला होता, त्याला मी काय करू? शाई बुटांची नाडी बांधत होती, बराच वेळ.

मी म्हटलं, "माझ्यावर सोडा."

१५ फेब्रुवारी, रविवार

जमलं. अभिमान वाटला म्हणून सगळं लिहून ठेवते.

आधी चेहरा, मान, कान, हात, सगळीकडे तेलकट गोरा बेस. नेहमी मी तिला दोन शेड वर नेते, म्हणजे तेवढी गोरी करते, या वेळी पाच. त्यावर पावडर दाबून दाबून तो बसवायचा. पूर्ण बसला की वर पाण्यात कालवलेला काळा. तेलावर पाणी धरत नाही, म्हणून पावडर मध्ये हवीच. रुमाल ओला करून हलकेच फिरवला की काळा तेवढा निघतो, गोरा जागच्या जागी. दाढकाढ्याला बजावलंय, पुसायचं म्हणजे टेबल पुसल्यासारखं नाही, बाळाचं तोंड पुसल्यासारखं.

शाई न हलता खुर्चीत बसून होती. एक गाल पुसून मी तिला आरसा दाखवला. तिने तो गालाजवळ नेला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर एक मी नसलेली, आणि तिच्यावर आणखी एक मी नसलेली."

"यालाच रंगभूषा म्हणतात, बाई," मी म्हटलं.

सरांनी माझ्याशी हात मिळवला. असा दिवस रोज येत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शाईच्या गालावर पुरळ उठलंय. भावजय खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली. "ताई, एवढं करायलाच हवं का?" ती माझ्याशी असं कधी बोलत नाही. मी म्हटलं, स्टेजसाठी थोडं सोसावं लागतं. ती गेली. नंतर मला उगाच ओशाळल्यासारखं वाटत राहिलं. नक्की कशामुळे ते सापडेना, म्हणून स्पंज धुऊन ठेवले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग झाला. आज लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

पहिला अंक सुरेख चालला होता. शाई नाचत होती आणि लोक पुढे सरकून सरकून बघत होते. रुमालाचं गाणं आलं. दिवे तापलेले, त्यात ती सारखी नाचत असलेली. दोन्ही थरांखाली घाम साचला होता आणि मला विंगेतून तो दिसत होता. दाढकाढ्याने रुमाल काढला. पहिल्यांदा हलकेच फिरवला, काळा निघाला, टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्याला चेव आला. त्याने दुसऱ्यांदा दाबून पुसलं आणि गोरा थर सालासारखा निघून आला. खालून शाईचा स्वतःचा गाल दिसला, पुरळासकट.

क्षणभर कुणाला काय बघतोय ते कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अजून पूस रे, राहिलंय."

नाट्यगृह हसलं. थोडेथोडके नाही, सगळे हसले. दाढकाढ्याच्या हातात तो बरबटलेला रुमाल, आणि शाई त्याच्यासमोर तीन रंगांचा चेहरा घेऊन उभी. मग तिने पुढचं पाऊल टाकलं आणि गाणं पूर्ण केलं, एकही ठेका न चुकवता.

ती विंगेत आली तेव्हा मी काय केलं? स्पंज घेऊन धावले आणि तो गाल झाकायला लागले. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने माझं मनगट धरून बाजूला केलं आणि तशीच पुढच्या प्रवेशाला गेली.

इथवर कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण पडदा पडल्यावर सर रंगपटात आले. "ताई, हे काय झालं? तुमच्याकडून?" सगळे ऐकत होते. इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलेलं नाही. चूक माझी होती आणि मला ती माहीत होती. पावडर बसायला वेळ द्यायचा असतो. मी घाई केली, कारण शाई खुर्चीत चुळबुळ करत होती आणि मला तिचे आरशातले डोळे बघायचे नव्हते. सरांना मी म्हणाले, "माझा दोष नाही. तिची कातडीच तशी आहे. रंगच धरत नाही."

बोलून वळले तर दारात शाई. हातात बूट. तिने ऐकलं होतं. बूट पिशवीत घातले आणि चेहरा न धुताच वडिलांबरोबर घरी गेली. मी मागून एकटी आले. घरासमोरच्या फाटकाशी थांबले आणि आत जायची लाज वाटली, माझ्याच घरात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ती माझ्याशी बोलत नाही. उगीच आदळआपट नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात गेले की ती बाहेर जाते, एवढंच.

दुपारी सरांचा फोन आला. शनिवारी दुसरा प्रयोग आहे. शाईने काम करणार नाही असं कळवलंय. "औषधांच्या दुकानवाल्याची मुलगी घेतो," सर म्हणाले. "जेमतेम नाचते, पण लख्ख गोरी आहे. तुमचाही एक थर वाचला."

आणि मला हायसं वाटलं. किती नीच बाई आहे मी. फोन ठेवेपर्यंत मी मनात त्या नव्या मुलीसाठी लिपस्टिकसुद्धा निवडली होती.

संध्याकाळी भाऊ माझ्या खोलीत आला. तो लहानपणापासून माझ्यापुढे तोंड उघडत नाही. खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, पोरीने मला एक विचारलंय. ती म्हणते, शाळेच्या पहिल्या गॅदरिंगपासून आत्या मला दोन शेड वर का नेते? माझा रंग काय वाईट आहे का? मी तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "स्टेजवर दिव्यांमुळे..."

"दिव्यांमुळे तिच्या मैत्रिणींना नाही नेलंस कधी वर."

तो गेला. मी माझी रंगपेटी उघडली. मनात आलं, तिच्या चेहऱ्याला जुळेल अशी शेड काढून ठेवू, उद्या तिला दाखवू, म्हणू की बघ, मी तुला तुझ्याच रंगात सजवते. एकेक डबी काढून पलंगावर मांडली. सगळा पलंग भरला. गुलाबी गोरा, पिवळट गोरा, गव्हाळ, निमगोरा, म्हाताऱ्यांसाठी राखी, राक्षसासाठी हिरवा, भुतासाठी निळा. तिचा रंग नव्हता. राक्षसाची सोय केली होती मी, भाचीची नाही.

मग एक डबी आणखी शोधली, माझ्या स्वतःच्या रंगाची. तीही नव्हती. मी रोज लावते तो कुणाचा रंग आहे, कुणास ठाऊक.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तालमीला गेले. औषधवाल्याची मुलगी रंगमंचावरच्या जिन्यावर नाचाची पावलं टाकताना धडपडत होती. बाकीचे सगळे बसल्यावर मी बोलायला उभी राहिले.

म्हटलं, "शनिवारी जे झालं ती माझी चूक. थर बसायला मी वेळ दिला नाही. तिच्या कातडीत काही दोष नाही. दोष होता तो मी केलेल्या कामात. आणि त्या दिवशी मी सरांना जे बोलले त्यात तर होताच."

दाढकाढ्या नखं बघत होता. सर म्हणाले, "झालं ते झालं, ताई. आता नव्या मुलीला..."

"रुमालाचं गाणं असेल तर मी कुणालाच रंगवणार नाही. गोरीलाही नाही."

"तुम्ही मला ऐन वेळी अडवताय."

"अडवतेय."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पंख्याखाली एक फेरी मारली, जिन्यावर धडपडणाऱ्या मुलीकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "मग जा आणि तुमच्या भाचीला आणा. ती नसेल तर मी प्रयोग रद्द करतो."

घरी आले. तिच्या दारावर टकटक केली. दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. बातमी माझ्याआधीच मोबाइलवरून पोचली होती.

"तू सगळ्यांसमोर सांगितलंस म्हणे."

"हो."

"मी परत यावं म्हणून सांगितलंस, की खरं आहे म्हणून?"

मी उत्तर जुळवायला लागले आणि मला माझीच किळस आली. म्हटलं, "मला माहीत नाही. दोन्ही असेल."

ती म्हणाली, "हमालाचा नाच करणार. चेहरा माझा मी करणार. तू हात लावायचा नाहीस."

"बरं."

"आणि शाई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला," ती म्हणाली, आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१ मार्च, रविवार

काल दुसरा प्रयोग झाला. गर्दी कमी होती.

रंगपटात मी बाकीच्यांचे चेहरे केले. ती कोपऱ्यातल्या आरशाशी पाठमोरी बसली, डोळ्यांत काजळ घातलं, ओठांना थोडा रंग लावला आणि उठली. मला हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी मी ते पाठीमागे बांधले.

हमालाच्या नाचासाठी सरांनी नुसता जिना आणि एक दिवा ठेवला होता. ती बॅग घेऊन आली, बॅग खाली ठेवली, आणि पहिल्या पायरीवर बुटाचा पत्रा वाजला. पुढचं मला लिहिता येत नाही, मला नाचातलं कळत नाही. एवढं मात्र कळलं की मी पहिल्यांदाच तिचे पाय बघत होते. इतकी वर्षं मी फक्त चेहऱ्याकडे बघत आले, कुठे पुसट झालं, कुठे चमकलं.

टाळ्या पडल्या. रुमालाला पडल्या होत्या तेवढ्या नव्हे. मध्यंतरात एक आजोबा नातीला घेऊन रंगपटाच्या दाराशी आले, जरा चिडलेलेच. "खास रुमालाचं गाणं दाखवायला हिला घेऊन आलो. काढलं कुणी ते?"

"मी काढलं," मी म्हणाले.

"का?"

मला धड सांगता आलं नाही. म्हटलं, "ते गाणं माझ्याच्याने रंगवलं गेलं नाही." ते पुटपुटत गेले. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? परवापर्यंत मीही त्यांच्याच शेजारी बसून शिट्टी मारली असती.

पडदा पडला आणि ती विंगेत आली, घामाने निथळत. मी दोन पावलं मागे सरले. तिने खुंटीवरचा पांढरा टॉवेल घेतला, चेहरा, मान, कान, सगळं खसाखसा पुसलं, आणि जाता जाता टॉवेल माझ्या हातात दिला.

"हा धुवायला टाक, आत्या."

आठवड्याभरात ती आपणहून माझ्याशी बोलली ते एवढंच. मला माफ केलं असा त्याचा अर्थ नाही, हे मला कळतं. टॉवेल धुवायचं काम माझ्याकडेच असतं. इतर दिवशी तो इतका बरबटलेला असतो की रात्रभर साबणात भिजवावा लागतो. सवयीने मी तो उलगडून डाग शोधायला लागले, दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला. घामाशिवाय त्याला काही लागलेलं नव्हतं.

मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. मग घरी येऊन टॉवेल नुसत्या पाण्यात धुतला आणि वाळत घातला.